तळातल्या गाळासकट

"आधी टॉवेल दे, मग काय ऐकायचंय ते ऐक," विनी न्हाणीघरातून ओरडली.

सेप स्टॉब्स त्या वेळी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात कमरेपर्यंत शिरला होता. घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. धुतलेल्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळं तिथेच टाकीच्या उबेला ठेवलेलं असायचं. त्या सगळ्याच्या मधोमध सेपनं पाच गॅलनची प्लास्टिकची बादली बसवली होती आणि तिच्या झाकणाला तो कान लावून उभा होता.

"बोलतेय बघ," तो आतूनच म्हणाला.

"कोण?"

"बिअर. बुडबुडे सुटलेत. ये, ऐक."

"सेप, माझ्या अंगावर फक्त साबण आहे."

टॉवेल मिळाला, पण त्याला वास येत होता. तो वास गेले दोन महिने घरातल्या प्रत्येक कपड्याला येत होता. विनी चॅपेलला जाणारी, दारूचा थेंब तिनं जन्मात ओठाला लावलेला नाही. आणि गेल्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी शेजारची बाई दोन जागा सरकून बसली होती, आणि निघताना पाद्रीबाबांनी विनीचा हात हातात घेऊन हळू आवाजात विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"हे बघ," विनी टॉवेल गुंडाळून बाहेर येत म्हणाली, "या गावातल्या एका तरी माणसानं ती तुझी बिअर स्वखुशीनं पेलाभर पिऊन दाखवू दे. पिऊन वर आणखी मागू दे. मग मी चादरी पलंगाखाली ठेवीन. लीकच्या प्रदर्शनापर्यंत तुला मुदत. नाहीतर ती बादली गल्लीत जाईल आणि माझं कपाट मला परत."

बादली गेली असती तर त्याला एवढं वाटलं नसतं. पण बादलीनंतर करून बघायला काही उरलं नव्हतं.

आमच्या ब्रॅकनसाइडमध्ये माणसाला नुसतं नाव असून भागत नाही, त्याचं काहीतरी असावं लागतं. डरहॅमच्या कोळशाच्या पट्ट्यात सगळीकडे तीच तऱ्हा. खाणीतून वर आलं की कुणी आपल्या कबुतरांकडे पळतो, कुणी बँडमधल्या कॉर्नेटकडे, आणि बहुतेक सगळे आपापल्या लीककडे. लीक म्हणजे कांद्याच्याच घराण्यातली भाजी, पण तिचा पांढरा दांडा हवा तेवढा जाड करता येतो, आणि किती जाड करता येतो यावरून इथे सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

सेप आईबापांचं सातवं पोर. तोवर त्यांची नावं संपली होती, म्हणून त्यांनी 'सातवा' असंच नाव ठेवलं, सेप्टिमस. एकतीस वर्षं खाणीत काढल्यावर कोळशाच्या डब्याखाली त्याचा गुडघा गेला आणि सेप घरी बसला. घरी बसल्यावर त्यानं सगळं करून पाहिलं. कबुतरं पाळली, ती पहिल्याच शर्यतीला जी उडाली त्यांचा आजतागायत पत्ता नाही. कॉर्नेट वाजवायला घेतलं, ते बँडमास्तर स्वतः घरी येऊन परत घेऊन गेले. लीक लावले, तर प्रदर्शनात परीक्षकानं त्याच्या टेबलापाशी थांबून विचारलं, "ही कांद्याची पात इथे कुणी ठेवली?" तो थट्टा करत नव्हता. त्या दिवसापासून सेप रेल्वेलाइनीपलीकडच्या, गावानं भाजीसाठी वाटून घेतलेल्या वाफ्यांकडे फिरकला नव्हता.

मग मार्च महिन्यात औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांशेजारी त्याला तो डबा दिसला. माल्टचा काळा पाक, यीस्टची पुडी आणि वर लिहिलेलं: 'घरच्या घरी चाळीस बाटल्या'. किंमत एवढी कमी की सेपनं डबा दोनदा उलटून पाहिला.

"माझे बाबा पण करतात," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली.

"कशी होते?"

मुलीनं जरा विचार केला. "ते पितात," ती म्हणाली.

डब्यासोबत सूचनांचा कागद होता. तो सेपनं चुलीवरच्या फळीवर नीट घडी करून ठेवून दिला. एकतीस वर्षं जमिनीखाली काढलेल्या माणसाला बादलीत साखर कशी ढवळायची ते कागदानं सांगावं, हे त्याला काही रुचलं नाही. एका पिशवीच्या जागी दोन पिशव्या साखर घातली, कारण दोन एकापेक्षा बऱ्या. बाटल्या धुतल्या नाहीत, कारण त्यात आधी बिअरच होती. आणि बाटल्या भरताना तळाचा गाळ अजिबात वाया जाऊ दिला नाही, पळीनं खरवडून सगळ्यांत सारखा वाटला. तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. सेपनं घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ ते उघडले नाहीत.

"अजून कोवळी आहे," तो शेवटी म्हणाला.

विनीनं मुदत घातली त्याच संध्याकाळी सेपनं अंगणाच्या भिंतीवरून शेजारच्या जॉस हिंडमार्शला दोन बाटल्या दिल्या. जॉस खाणीत त्याच्याच पाळीला होता, लहानपणापासूनचा गडी. त्यानं त्या घेतल्या, कारण कुणी काही दिलं तर नको म्हणायची आमच्याकडे रीत नाही. वाईट आहे म्हणायची तर त्याहून नाही.

आठवड्यानं जॉस रिकाम्या बाटल्या घेऊन स्वतःहून दारात हजर.

"कशी वाटली?" सेपनं जीव मुठीत धरून विचारलं.

जॉसनं आपल्या बुटांकडे पाहिलं. "काय सांगू सेप. चार दिवसांत फरक दिसला."

"दिसला?"

"म्हणजे, जाणवला. आणखी आहे का?"

"किती पाहिजे?"

"किती आहे?"

सेपनं त्याला सहा बाटल्या दिल्या. एकेक करून दिल्या. जाता जाता जॉस वळला. "आणि हे बघ, मॅटीला बोलू नकोस हं."

मॅटी टेलफर्ड म्हणजे लीक क्लबचा सेक्रेटरी, सलग चार वर्षांचा विजेता. आधीच्या बक्षिसांनी त्याचं घर भरलं होतं: फ्रीज, सोफा, कपाट, दोन घड्याळं. या वर्षी पहिलं बक्षीस रंगीत टीव्हीचं होतं आणि तो खाणकामगारांच्या क्लबच्या काचेच्या खिडकीत मे महिन्यापासून मांडून ठेवला होता. अशा या मॅटीनं तोवर सेपशी हवापाण्यापलीकडे काही बोलण्याची कृपा केली नव्हती. तो तीनच दिवसांनी मागच्या गल्लीनं, कोळशाच्या कोठाराआडून आला.

"जॉसला देतोस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? डोळे आहेत ना मला. काय तुकतुकी आलीय!"

सेपनं आठवून पाहिलं. जॉसच्या गालांवर जरा लाली होती खरी.

"मला दहा बाटल्या दे," मॅटी म्हणाला. "आणि गाळासकट दे. गाळच कामाचा. तो काढलास तर उरलं काय?"

"विनी!" मॅटी गेल्यावर सेप जिना चढत ओरडला, "जाणकार माणूस आहे हा! गाळाची चव कळायला जीभ मुरलेली लागते!"

जूनअखेर अकरा जण झाले. अकराही जण मागच्या गल्लीनं यायचे, इकडे तिकडे बघत, पिशवी कोटाआड धरून, आणि अकराही जण जाताना बाकीच्या दहांना सांगू नकोस म्हणून बजावायचे. बायकांना भीत असतील, सेपला वाटलं. कपाटात दुसरी बादली आली, मग तिसरी आली. चादरी जिन्याच्या कठड्यावर गेल्या.

"मला अजून एकजण पिताना दिसलेला नाही," विनी म्हणाली.

"घरी नेऊन पितात."

"इथे बसून का नाही पीत?"

प्रश्न बरोबर होता. सेपनं दुसऱ्या दिवशी जॉसला स्वयंपाकघरात बसवला, पेला पुढे केला, आणि विनीला हाक मारली. जॉस खुर्चीवरून असा उठला की खुर्ची पडली.

"आत्ता? नको, नको. आत्ताच चहा झालाय. मी आपला वाफ्यावर घेऊन जातो. तिथंच बरी असते ती."

"मोकळी हवा," सेप विनीला म्हणाला. विनीनं खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

आणि फर्माइशी तरी किती! मॅटी म्हणे, जरा दाट करता येईल का. कुणी म्हणे, गेल्या खेपेला वास कमी होता, काही बदललंस का. एवढ्या बारकाईनं पिणारी माणसं सेपनं कधी पाहिली नव्हती. तो आता छाती पुढे काढून चालायला लागला. क्लबात जाऊन बारजवळच्या खुर्चीवर बसायचा, बॅरलमधल्या बिअरचा एक घोट घ्यायचा, पेला उजेडाकडे धरायचा आणि म्हणायचा, "पाणी आहे रे, पाणी. अंगच नाही हिला." आणि अकरा जण माना डोलवायचे. बारवाला दात खात पेले पुसायचा. एकतीस वर्षांत सेपला ज्या खुर्चीवर कुणी बसू दिलं नव्हतं, ती आता त्याच्यासाठी रिकामी ठेवत. तो उन्हाळा सेपच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय.

पण सुखात माणसाला काहीतरी सुचतं. सेपच्या मनानं घेतलं की एवढी दर्दी गिऱ्हाइकं आहेत, तर त्यांना आपण आपलं उत्तमातलं उत्तम द्यायला हवं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यानं फळीवरचा सूचनांचा कागद काढला, चष्मा लावला, आणि पहिल्यांदाच वाचला. वाचता वाचता त्याच्या भुवया वर जात राहिल्या.

या वेळी बादली उकळत्या पाण्यानं धुतली. बाटल्या सोड्यानं घासल्या, विनीकडून तपासून घेतल्या. साखर एकच पिशवी, तीही तोलून. रोज झाकण उघडून बघायचा मोह आवरला. आणि बाटल्या भरताना जीव घट्ट करून तळाचा सगळा गाळ मोरीत सोडला. दिवस भरले, तेव्हा बाटली खिडकीपाशी धरली तर पलीकडच्या चॅपेलवरची पाटी तिच्यातून वाचता येत होती. सेपनं एक घोट घेतला आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

"विनी," तो हळूच म्हणाला, "ही बिअर आहे गं."

विनीनं वास घेतला. तिच्या टॉवेलांसारखा तो अजिबात नव्हता. "आधी काय होतं मग?" तिनं विचारलं.

सेपनं ती अकरा घरी स्वतः नेऊन दिली आणि वाट बघत बसला. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मग जॉस आला, चेहरा उतरलेला.

"काय करून ठेवलंस हे, सेप?"

"आवडली ना?"

"पिवळे पडलेत."

"कोण?"

जॉस गडबडला. "सगळेच. घरचे."

"तू पोराबाळांनाही पाजतोस?"

"थोडी थोडी," जॉस म्हणाला आणि आला तसा निघून गेला.

मॅटीनं मात्र आडपडदा ठेवला नाही. पुढच्या दारानं आला, भर दुपारी. "हे काय भरलंयस बाटल्यांत? आरपार दिसतंय! गाळ कुठाय?"

"काढला. नितळ आहे अगदी."

"नितळ!" मॅटीनं शिवीसारखा तो शब्द उच्चारला. "चांगली चाललेली वस्तू बिघडवून ठेवलीस. प्रदर्शनाला तीन आठवडे राहिलेत, आणि याला नितळपणा सुचतोय! जुनी असेल तर दे. ही तुझी तूच ठेव." आणि त्यानं झाकणही न उघडलेल्या नऊ बाटल्या पायरीवर ओळीनं मांडल्या. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांच्याही आल्या. पायरी भरली, मग फुटपाथ भरला.

सेपनं बाटल्या पेट्यांत भरून आत नेल्या आणि दोन दिवस तो कपाटाकडे फिरकला नाही. जन्मात एक गोष्ट धड जमली होती, आणि तीच लोकांनी दारात आणून टाकली होती. त्याला रडू येत नव्हतं एवढंच. विनीलाही राहवलं नाही. "त्यांना पहिलीच घाण आवडत असेल तर तीच कर ना बापड्या," ती म्हणाली. "मी नाकाला रुमाल बांधीन."

"मला कळलं पाहिजे, विनी. काय चुकलं ते मला कळलं पाहिजे."

जॉस घरी नव्हता. म्हणून सेप कितीतरी वर्षांनी रेल्वेलाइन ओलांडून वाफ्यांवर गेला. जॉसच्या वाफ्याला पोत्यांचा आडोसा होता. सेपनं तो बाजूला केला. आत जॉस गुडघ्यांवर बसला होता, समोर मांडीएवढे जाड लीक, टोकाला जरा पिवळे पडलेले. त्याच्या हातात सेपची जुनी बाटली होती आणि ती तो थेंब थेंब करून मुळाशी ओतत होता.

"घे राजा, घे," तो लीकला म्हणत होता. "शेवटची आहे, पुरवून पुरवून घे."

सेपनं आजूबाजूला पाहिलं. आडोशाआडोशातून त्याच्याच बाटल्या जमिनीत उलट्या खोचलेल्या होत्या, अकरा वाफ्यांत. प्रत्येकीवर त्यानं हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: 'स्टॉब्सची खास'.

"जॉस."

जॉस दचकला. बाटली लपवायला गेला, मग लपवण्यात अर्थ नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"एक थेंब तरी प्यायलास का रे? खरं सांग."

जॉसनं टोपी काढली. "पहिल्या दिवशी प्यायलो. एक घोट. मग मोरीत ओतायला गेलो, तर बायको म्हणाली, तिथे नको, पाइप नवीन आहे. म्हणून इथे आणून ओतली. आठवड्यात हे एवढे झाले!"

"आणि मॅटी?"

"त्यानं माझे लीक पाहिले, मुळाशी तुझ्या बाटल्या पाहिल्या, आणि ताडलं. त्यानं घोटसुद्धा घेतलेला नाही." जॉसला मित्राचा चेहरा बघवेना. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तो म्हणाला, "पण सेप, खोटं नाही सांगत. असं खत सगळ्या डरहॅममध्ये आजवर कुणाला जमलं नाही."

सेपला जे लागायचं राहिलं होतं, तेही लागलं.

जॉसनं बळेबळेच बाजूचा एक जास्तीचा लीक उपटून त्याच्या हातात कोंबला. तो घेऊन सेप घरी आला आणि विनीला सगळं सांगितलं. विनी हसली. इतकी हसली की तिला मोरीचा कठडा धरावा लागला. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं, हसू आवरलं, आणि काहीतरी हातांना काम हवं म्हणून लीक चिरून सुपाला टाकला.

पाच मिनिटांत भांड्यातून वाफ वर आली. दोघांनीही जिन्याकडे पाहिलं, कपाटाचं दार उघडं राहिलं की काय म्हणून. दार बंद होतं. विनीनं भांड्यावर वाकून वास घेतला आणि मागे सरकली. सेपनं चमचाभर तोंडात घातलं.

"विनी," तो खोकत म्हणाला, "ही माझी पहिली बादली आहे. जशीच्या तशी."

"प्रदर्शनानंतर या सगळ्यांचं काय करतात?" विनीनं विचारलं, जरी तिला ते चांगलं ठाऊक होतं. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मांडलेले सगळे लीक एका मोठ्या भांड्यात जातात आणि क्लबात गावाला सूप मिळतं. पिकवणारे पहिल्या टेबलाला बसतात. ते जेवल्याशिवाय बाकीच्यांनी चमचा उचलायचा नाही, आणि दुसऱ्याच्या लीकचं सूप वाडग्यात उष्टं टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं.

दोघं एकमेकांकडे बघत असतानाच दार वाजलं. बाहेर अकराही जण उभे होते, टोप्या हातात. लपवण्याजोगं आता काही राहिलं नव्हतं, म्हणून सगळे एकदम आले होते. मॅटी पुढे होता.

"सेप, झालं गेलं विसर. एक बादली. फक्त एक, जुन्या पद्धतीची. नाहीतर खालच्या गावचे लोक येऊन आमची मापं बघून हसतील."

सेपनं विनीकडे पाहिलं. विनी सुपावर झाकण ठेवून त्यावर हात दाबून उभी होती.

"देतो की," सेप म्हणाला. "दोन देतो. पण माझी एक अट आहे. रविवारी सूप वाढायला मी."

अकरा जणांनी सुस्कारा सोडला. किती साधा माणूस, त्यांना वाटलं. पुढे आठ दिवस सेपनं आजवरच्या सगळ्यात भयंकर दोन बादल्या शिजवल्या. साखर तीन पिशव्या, बाटल्या न धुतलेल्या, आणि गाळ तर जुन्या रिकाम्या बाटल्यांच्या तळाचाही खरवडून घातलेला. पाद्रीबाबा त्या आठवड्यात दोनदा घरी येऊन गेले.

शनिवारी क्लबात जे लीक मांडले गेले, तसले आमच्या गावानं पाहिले नव्हते. परीक्षकानं फीत दोनदा लावली, आपल्याच आकड्यांवर विश्वास न बसून तिसऱ्यांदा लावली. मापं घेताना त्यानं रुमाल नाकाशी धरला होता, पण सर्दी असेल असं सगळ्यांनी धरून चाललं. जॉस पहिला आला, मॅटी दुसरा. जॉसची बायको टीव्हीवर हात ठेवून उभी राहिली ती दिवे मालवेपर्यंत हलली नाही.

रविवारी तीन वाजता सूप. कायद्यानं रविवारी दोनला बार बंद होतो तो सातलाच उघडतो, आणि सेपनं ज्याची बिअर पाणी ठरवली होती तो बारवाला तर दोनला पाच कमी असतानाच जाळी ओढून, किल्ली खिशात घालून निघून गेला. हॉल भरला होता. सेप पांढरा एप्रन बांधून भांड्यामागे उभा, त्याच्या टेबलाखाली पोत्यानं झाकलेल्या पेट्या. विनी चहाच्या बंबाशी होती, आणि पाणी उकळायला अजून अवकाश आहे असं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

पहिला चमचा मान म्हणून जॉसचा. त्यानं तो तोंडात घातला, आणि गिळला. गिळावाच लागला, अख्खं गाव बघत होतं. त्याचे कान लाल झाले. त्याच्या पाठोपाठ टेबलावरच्या दहाही जणांनी घातला.

"कसं झालंय?" सेपनं विचारलं.

"छान," जॉस म्हणाला.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"अजून वाढतो थांब. तळापासून ढवळून देतो. गाळच कामाचा, काय मॅटी?"

मॅटीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तो क्लबचा सेक्रेटरी होता. त्यानं मान हलवली आणि चमचा पुन्हा बुडवला. एकजण पाणी पिऊन आला, आणि पाण्यानं चव उलट वर येते ही बातमी त्यानं हळूच टेबलभर पसरवली. जॉसच्या बायकोनं पलीकडच्या टेबलावरून वास घेतला. "जॉस, काय रे घातलंस तू यांना?" तिनं सगळ्यांसमक्ष विचारलं. जॉसचं तोंड भरलेलं होतं.

सेप पळी घेऊन तिसऱ्यांदा त्याच्यापाशी आला, तेव्हा जॉसनं त्याची बाही पकडली.

"सेप," तो पुटपुटला, "ती दुसरी. आम्ही परत केली ती. नितळ. एखादी बाटली आहे का?"

सेपनं पळी खाली ठेवली. टेबलावरचे सगळे चमचे थांबले होते.

"कशाला हवी?" तो म्हणाला. "तुझे लीक तर भांड्यात गेले."

जॉसनं भांड्याकडे पाहिलं, आपल्या वाडग्याकडे पाहिलं, आणि मग सेपच्या डोळ्यांत पाहिलं.

"प्यायला," तो म्हणाला.

सेपनं पोतं बाजूला केलं, बाटली उघडली आणि पेला भरला. जॉसनं अर्धा पेला एका दमात घेतला. थांबला. पेला उजेडाकडे धरून बघितला. उरलेला अर्धा त्यानं अगदी सावकाश, एकेक घोट करत घेतला, आणि रिकामा पेला पुन्हा सेपपुढे धरला. त्याच्यामागून मॅटीचा हात आला, मग बाकीच्यांचे.

सेपनं हॉलच्या दुसऱ्या टोकाला विनीकडे पाहिलं. ती बघत होती, सगळं नीट बघत होती. मग तो जॉसकडे वळला आणि त्यानं बाटली छातीशी धरली.

"आधी वाडगा संपव," तो म्हणाला.